मॅडमची वरची ओळ

पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली की आम्ही मुली घाबरायचो. आमच्या मॅडम मात्र काहीच दिसलं नाही की घाबरायच्या. कळंबच्या बाजारात, धान्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला की आम्ही टाळ्या पिटायचो आणि मॅडम पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "कुठं चुकलं ते दिसंना, म्हंजे लईच चुकलंय." त्यांच्यामागं आम्ही त्यांना भित्र्या मॅडम म्हणायचो.

एकदा मी गुणांची फाइल वाचणारा प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. चूक झाल्यास काय करायचं, त्या ओळींत सगळ्यात वर ‘एक्सेप्शन’, म्हणजे कसलीही चूक, आणि निरोप ‘किरकोळ आहे, पुढे चला’. त्याखाली ‘फाइलच सापडली नाही’ ही खास चूक, तिथं ‘थांबा’. मॅडमनी मुद्दाम फाइल काढून टाकली. प्रोग्राम म्हणाला, ‘किरकोळ आहे, पुढे चला.’ मॅडमचा चेहराच उतरला.

"अगं, पायथन वरून खाली बघत येतो. पहिलं जे जुळंल तेच धरतो, खालच्याला विचारतबी न्हाय. फाइल हरवणं ही ‘एक्सेप्शन’चीच लेक, आईनं तिला वरच धरली. खास ते आधी लिही, सरसकट ते शेवटी."

एवढ्या भित्र्या बाई, पण स्वतःच्या छातीत कळ आली की म्हणायच्या, "पित्त हाय." जिना चढताना दम लागला, पित्त. डावा हात भरून आला, तरी पित्तच. ओवा चावून फळ्याकडं वळायच्या. मला ते पित्त वाटायचं नाही, पण मॅडमना सांगणार कोण? एका शनिवारी धीर करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पित्त सगळ्यात वर लिवलंय. खालचं कुणी बघतच न्हाय." त्या हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत स्वतःसाठीची भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"सोमवारी जाते गं दवाखान्यात," त्या म्हणाल्या.

सोमवारी क्लासला कुलूप होतं. मॅडम रविवारीच हार्ट अटॅकनं गेल्या. आठवडाभर आधी बोलले असते तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

आता मी पुण्यात प्रोग्राम लिहायचंच काम करते. परवा कळंबहून आईचा फोन आला, "छातीत जळजळतंय गं, पित्त असंल." मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. शेजारच्या काकांना तिला तसंच उचलून दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि पर्स घेऊन कळंबची गाडी गाठली.