तळ्याकाठचा पट्टकादंब

टेबलावरचा पक्षी कोणालाच ओळखता येईना. आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात एका तळ्याकाठी तो मेलेला सापडला होता आणि बर्ड फ्लूच्या संशयावरून आमच्या लॅबमध्ये आला होता. राखाडी, बदकापेक्षा बराच मोठा. चिखलाने माखलेलं डोकं मी पुसलं. खाली पांढरा रंग आणि मागच्या बाजूला दोन काळे पट्टे.

"अगं बाई, पट्टकादंब!" मी मराठीतच ओरडले. मग सावरून म्हणाले, "बार-हेडेड गूज. उन्हाळ्यात हिमालयापलीकडच्या उंच तळ्यांवर असतो, हिवाळ्यात आमच्या पुण्याजवळ भिगवणला येतो."

माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद झाला मला. तोही मेलेल्या पक्ष्यासमोर!

"लव्हली," माझी बॉस फियोना म्हणाली. "पण आयर्लंडला येत नाही ना? म्हणजे कोणीतरी पाळलेला. पाय बघ."

पायात कडं होतं, सांधा नसलेलं. असं सलग कडं फक्त लहान पिल्लाच्या पायात सरकवता येतं. म्हणजे हा माणसाच्या हातावर वाढलेला. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मालक शोधायचं काम माझ्याकडे आलं.

तळ्याच्या खालच्या अंगाला क्रिस्टी सापडला. सत्तरी उलटलेला, एकटा राहणारा. कोंबड्या, थोडी बदकं आणि पट्टकादंबाची एक मादी.

"हिचा जोडीदार ना? युवर मॅन फिरायला गेलाय," तो म्हणाला. इथे 'तो गडी' म्हणायचं तर 'युवर मॅन' म्हणतात. "येईल, ही इथे आहे म्हटल्यावर."

तो मेल्याचं मी सांगितलं. त्याने मादीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चहा घेणार ना?"

माझ्या अंगावर पांढरा सूट, तोंडाला मास्क. नियम असा की अशा ठिकाणी घरात पाऊल टाकायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. कोणाच्या घरचा चहा नाकारू नये, हे आईने शिकवलेलं, आणि इथल्या खेड्यातही तेच मानतात. नको म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने कप आणून फाटकाशेजारच्या भिंतीवर ठेवला.

सगळ्या पक्ष्यांचे स्वॅब घेतले. लागण झालेली होती. मग एकही पक्षी ठेवता येत नाही, सगळे मारावे लागतात.

क्रिस्टीने एकच मागितलं. "हिला मी धरू?"

त्या कामासाठी फियोनाही आली होती; तिने त्याला सूट आणि ग्लोव्हज दिले. मादी त्याच्या कुशीत अगदी शांत बसली. मी इंजेक्शन भरत होते.

"ही मुळात कुठली?" त्याने विचारलं.

"हिमालयापलीकडची. हिची जात हिमालय ओलांडून आमच्याकडे येते."

"आणि माझा तळ्यापर्यंतच गेला," तो म्हणाला. मादीची मान थोपटत राहिला. मला रडू आवरेना. काम मात्र नीट केलं.

अजूनही अनोळखी पक्षी आला की लॅबमधले मलाच हाक मारतात. ओळखता आला तर नाव सांगते. पण तो कोणाचा, हे कळेपर्यंत आनंद करत नाही.