एसीच्या पाइपाजवळ बसणारी

"आवं, दमानं. पायप ताणला."

इंजिन अजून हललंही नव्हतं. मी नुसती साखळी अडकवत होतो, आणि माझी बायको बॉनेटजवळ उलट्या डब्यावर बसून ओरडायला लागली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

गाडीचं इंजिन उतरवताना एसीचा कॉम्प्रेसर सोडवून बाजूला बांधून ठेवायचा. त्याचे पाइप उघडायचे नाहीत. आत दाबलेला गॅस असतो. इंजिन वर येताना पाइप अडकून ताणला, तर तुटतो; गॅस सुटला की बर्फासारखा अंगावर येतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. आष्ट्याच्या एका मिस्त्रीचे दोन्ही गेले. बाजारात तो वांगी चाचपून घेताना हिनं बघितला, आणि तेव्हापासून स्वयंपाक उरकून गॅरेजवर येऊन बसू लागली. कराडच्या रस्त्याला कधी थांबला असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल.

महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्यानं विचारलं, "मावशी, तुमीबी मेकॅनिक का?"

"न्हाई बाबा. मी आरडायला हाय."

मी साखळी ओढायचो, ती पाइपावर नजर ठेवायची. बहुतेक वेळा पाइप ढिलाच असायचा.

"ताणला न्हवता की गं."

"ताणल्यावर सांगून काय उपेग?"

मी तिला भित्री म्हणायचो. ती म्हणायची, "तुमी भीत न्हाई, मग दोघांचं मलाच भ्याया लागतंय."

त्या शेवटच्या दिवशी साखळी अडकवेपर्यंत अंधारून आलं, म्हणून इंजिन उद्या उचलू म्हणालो. घरी भाकरी थापता थापता ती छातीला हात लावून बसली. डॉक्टर येईपर्यंत गेली. रात्रीच माती केली.

सकाळी घरात बसवेना. भाऊ म्हणाला, "सुतकात हत्याराला हात लावू नगंस." मी ऐकलं नाही. गॅरेज उघडलं, साखळी ओढली. इंजिन टीचभर उचललं. कोणी ओरडलं नाही. साखळीकडं बघावं तर पाइप दिसेना, पाइपाकडं वाकावं तर साखळीवर लक्ष राहीना. इंजिन परत खाली ठेवलं आणि कराडच्या गॅसवाल्याला फोन केला.

तो मशीन घेऊन आला. "काका, कॉम्प्रेसर बांधलाय की. गॅस कशाला काढताय?"

"काढ म्हणतोय न्हवं."

त्यानं मशीन लावली. मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो, आणि सगळा गॅस निघाला अशी त्यानं हाक मारेपर्यंत गाडीकडं तोंड केलं नाही.