फेरीबोटीतला वाद

केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत ते निवृत्त मास्तर मला रोज दिसायचे. चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून ते एका बोटाने टाइप करत असायचे. एका ऑनलाइन गटात राजभाषेच्या वादावर वास्कोचे एक गृहस्थ कोंकणीच्या बाजूने लिहायचे आणि मास्तर त्यांना मराठीच्या बाजूने उत्तर द्यायचे. चार वर्षांत दोघंही तसूभर हटले नव्हते. मला ती वेळेची नासाडी वाटायची.

एका सकाळी त्यांचा मोबाईल खिशातच होता.

"मास्तर, आज उत्तर नाही?"

"कोणाला देऊ? तो गेला. काल त्याच्या मुलीनं कळवलं."

"तुम्ही कधी भेटला होतात?"

"ना रे." ते पाण्याकडे बघत राहिले. "माझं एक अक्षर त्याला पटलं नाही. पण शेवटपर्यंत वाचायचा तो एकटाच."

तेरेखोलचा धक्का आला, माणसं उतरली. मास्तर बसूनच राहिले.