अण्णांच्या शेवटच्या रेघा

अण्णा सुतार खिशात कायम एक गोल आरसा बाळगत. जस्ताच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून छापण्याआधी ते पत्रा आरशात बघून घेत. कोल्हापुरातल्या एका शाळेत आम्ही दोघं चित्रकला शिकवायचो. मी नवी, ते निवृत्तीला आलेले. शाळा सुटली की मी त्यांच्या घरामागच्या खोलीत छपाई बघायला जाई. त्यांच्या पत्नी, काकू, चहा आणून देत.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास अण्णांची चित्रं रेघांनी गच्च भरलेली असत. पैलवानाच्या मांडीवरचा केस न् केस दिसे. पुढे त्यांना काळोखाचं वेड लागलं. रेघा खोल जाऊन काळ्याभोर छापल्या जाव्यात म्हणून पत्रा पुन्हा पुन्हा ॲसिडात बुडवत. "काळं कसं, हात फिरवावा वाटला पायजे, बाई!" मग त्यांचा हात कापायला लागला आणि दोन वर्षं त्यांनी कोरायची सुई उचलली नाही.

त्याच काळात मी त्यांना माझी वही दाखवली. शाहूवाडीकडच्या माझ्या माहेरची भातखाचरं, बांधावरचा फणस, प्रत्येक पानावर आठ-दहा रेघांत काढलेली. अण्णांनी एकेक पान उलटून बघितलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की चार दिवस." वर्ष गेलं. मागायचा मला संकोच वाटला.

मग त्यांचं प्रदर्शन भरलं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या नव्या साधेपणाचं कौतुक केलं. मीही भारावून एका चित्रापुढे उभी राहिले, आणि उजवीकडे आमचा फणस दिसला. माझ्या वहीत तो डावीकडे होता. नऊ चित्रं, माझीच नऊ पानं. कापऱ्या हातामुळे रेघा माझ्यापेक्षा जिवंत झाल्या होत्या. तेच जास्त लागलं.

"अण्णा, ही माझी चित्रं आहेत."

"व्हय, तुमचीच हाईत." त्यांनी नजर चुकवली नाही. "वहीत पडून ऱ्हायली असती. आता लोकांनी बघितली की."

"मला विचारायचं तरी!"

"तुमी न्हाय म्हटलं असतं तर?"

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. काही वर्षांनी अण्णा गेले. शोकसभेत त्यांची कला कशी बदलत गेली, यावर बोलायला मलाच सांगितलं. पैलवानांविषयी बोलले, काळोखाविषयी भरभरून बोलले आणि थांबले.

"आणि शेवटची चित्रं?" कुणीतरी विचारलं. "तीच तर सगळ्यांत गाजली."

"त्यांच्याबद्दल मला बोलता येणार नाही," एवढं म्हणून मी खाली बसले.

शेजारी बसलेल्या काकूंनी माझा हात घट्ट धरला. "मी त्यांना तवाच म्हटलं होतं, बाईंना इचारा," त्या पुटपुटल्या.

मी हात सोडवून घेतला.