आमच्या बेंजो पार्टीतला एकसुऱ्या

टेम्पोत वायरी कितीही नीट गुंडाळून ठेवा, सुपारीच्या, म्हणजे लग्नाबिग्नात वाजवायचं ठरलेल्या, जागी पोचेपर्यंत त्यांचा गुंता झालेलाच असतो. आमच्या बेंजो पार्टीच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक ओढला की चार बाहेर येतात. मी फारसा बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. आणि त्यातले बहुतेक एकाच वाद्याचे आहेत!

पार्टी पिंपरीतली. सगळे नोकरी सांभाळून वाजवणारे. सिद्धूभाऊ मालक. ते बेंजो वाजवतात आणि दिवसा कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. ऑक्टोपॅडवर बाळू, तो चाकणला सीएनसी मशीनवर सेटर आहे. मी विकी. नववीत शाळा सुटली, आता ताथवड्यातल्या सोसायट्यांमध्ये पाण्याचे जार पोचवतो. पार्टीत कीबोर्ड वाजवायचो, तोही एका हातानं. दुसरा हात शिकायचा राहूनच गेला.

* * *

ताथवड्यात सातव्या मजल्यावर एक इंजिनिअर सर राहायचे. घरभर वाद्यं. ते परदेशी निघाले तेव्हा मी रिकामा जार आणायला गेलो होतो. कोपऱ्यात एक छोटा कीबोर्ड दिसला. बटणं कमी आणि नॉबच नॉब. मी बघत उभा राहिलो.

सर म्हणाले, "वाजवतोस?"

"एका हातानं, सर."

"मग हा तुझ्यासाठीच आहे. घेऊन जा. ॲनालॉग सिंथेसायझर. पण ह्यात एका वेळी एकच सूर वाजतो."

मला वाईट वाटलं. मी विचारलं, "बाकीचे कधी बिघडले, सर?"

ते इतके हसले की सोफ्यावर बसले. "अरे, बनवलाच तसा आहे! ह्यात कॉम्प्युटर नाही. नुसती वीज फिरते. तू नॉब फिरवलास की ती वीज आवाज बदलते."

मी हबकलोच. एकच सूर वाजणारं वाद्य कुणी जाणूनबुजून बनवेल?

जार नेतो तसा खांद्यावर घेऊन मी खाली आलो. गेटवर वॉचमनकाकांनी अडवलं. "हे काय चाललंय घेऊन?" मी बोलेपर्यंत त्यांनी वाकून नॉबखालची अक्षरं वाचली.

"फिल्टर लिहिलंय की! पाण्याचाच माल आहे. जा, जा!"

* * *

पहिल्या दिवशी सिद्धूभाऊंनी त्याच्यावर तीन बोटं एकदम ठेवली. आवाज एकच आला. परत ठेवली. परत एकच.

"तीन बटणं दाबली राव! बाकीची दोन सुट्टीवर गेली का?"

बाळू म्हणाला, "ओव्हरटाइमला एकालाच बोलावलंय, भाऊ."

त्या दिवसापासून त्याचं नाव एकसुऱ्या पडलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मोठ्या कीबोर्डवर माझा डावा हात नुसता बसून असायचा आणि सगळ्यांना तो दिसायचा. इथं त्याला नॉबवर काम मिळालं! एका हातानं सूर धरायचा, दुसऱ्यानं तो उघडायचा, मिटायचा, दाबायचा. सूर एकच, पण दोनदा सारखा कधी येत नाही.

सिद्धूभाऊंना हे पटलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "विक्या, चऱ्होलीच्या हळदीपर्यंत बघतो. तोवर जमलं नाही तर दोन्ही हातांनी वाजवणारा एक पोरगा हिंजवडीहून येतोय. स्वतःचा कीबोर्ड घेऊन येतोय."

म्हणजे एकसुऱ्या गेला की मीही गेलो.

* * *

थेरगावच्या एका वरातीत नवरदेवाचा मित्र आला. गॉगल, फेटा, हातात पेनड्राइव्ह.

"भावा, ह्यातला टोन टाक."

मी म्हटलं, "ह्यात टाकता येत नाही."

"सगळ्यात टाकता येतं!" त्यानं वाद्य उचललं, उलटं केलं, चारी बाजूंनी पेनड्राइव्ह घालायची जागा शोधली. शोधताना त्याची ढेरी कुठल्या नॉबवर घासली देवाला ठाऊक. स्पीकरमधून असा काही चीत्कार निघाला की वरातीचा घोडा दोन पाय वर करून उभा!

नवरदेव घोड्याच्या मानेला मिठी मारून ओरडला, "पप्पू, काय टाकलंस?"

पप्पू पांढराफटक. "अजून काहीच नाय टाकलं रे!"

* * *

थंडीत एकसुऱ्या चालू केल्या केल्या सूर सोडायचा. जरा तापला की जाग्यावर यायचा. सिद्धूभाऊंना वाटलं हे नवीन दुखणं. ते अंगणात माझ्यावर ओरडत होते, तेव्हा त्यांची आई दारात मेथी निवडत होती. चाळीस वर्षं कामगार वस्तीत काढलेली बाई.

"सिद्ध्या, तू सकाळी उठल्याबरोबर कुणाशी नीट बोलतोस का रे?"

"त्याचा इथं काय संबंध, आई?"

"त्यालाबी चहा होऊ दे की!"

दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर एकसुऱ्यावर आईची गोधडी होती. आणि खरंच, चालू करून अर्धा तास गोधडीत ठेवला तर तो सुरात यायचा. सिद्धूभाऊंनी मान फिरवली, पण गोधडी काढली नाही.

* * *

मग मला तो आवाज सापडला. मी शोधला म्हणणार नाही, एका दुपारी सरावात नॉब फिरवता फिरवता आपोआप आला. सनईसारखा, पण गळ्यातून आल्यासारखा. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणारा.

दुसऱ्याच आठवड्यात निगडीच्या लग्नात मुलगी निघायच्या वेळी मी तो वाजवला. आधी आचाऱ्यानं शेगडी बंद केली. मग फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. नवरीची मावशी हुंदके देत स्टेजच्या मागं जाऊन आली.

"गाणारी कुठंय?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, मावशी. हे वाद्य आहे."

"खोटं नको बोलू रे बाबा," ती म्हणाली, "बाईमाणूस आहे ते."

सिद्धूभाऊ टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "चऱ्होलीला हाच आवाज. हा आला तर तू राहिलास."

आता अडचण अशी की एकसुऱ्याला काही लक्षात राहत नाही. ह्यात आवाज साठवून ठेवायची सोयच नाही. नॉब हलला की आवाज गेला. म्हणून मी प्रत्येक नॉबशेजारी स्केचपेननं बारीक खूण केली.

* * *

चऱ्होलीची हळद. जुनं शेतकरी घराणं, जमिनीवर आता बारा मजल्यांच्या इमारती. त्यांच्याच एका इमारतीखाली मांडव. दुपारी आम्ही पोचलो. मी जेवायला गेलो, आलो, तर एकसुऱ्या नव्यासारखा चमकत होता!

बाळू चिंधीला हात पुसत होता. "थिनर मारून साफ केलाय. कुणीतरी पेननं घाण करून ठेवली होती. आणि सगळे नॉब झिरोला आणलेत. मशीन चालू करायच्या आधी झिरो सेट पाहिजे, भावा. आमच्याकडं नाय केलं तर टूल तुटतं!"

मी वाकून खुणा शोधल्या, एकही उरली नव्हती. तेवढ्यात सिद्धूभाऊंनी बेंजोवर हात मारला आणि मला मानेनं खूण केली.

मी सूर दाबला. काहीच नाही. आवाजाचा नॉब फिरवला, मग दुसरा, तिसरा, दिसेल तो. बोट सगळ्यात खालच्या बटणावर तसंच. आणि स्पीकर हलायला लागला.

धप. धप. धप. धप. धप.

ना सनई, ना बाई. खोल, जाड, एकसारखं. नाचायला आलेली पोरं थांबली. बाळूच्या हातातली काठी खाली पडली. सिद्धूभाऊंचा चेहरा लाल झाला. ते उठून माझ्याकडंच आले आणि त्यांनी प्लगला हात घातला.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीत नवरदेवाचे आजोबा बसले होते. सकाळपासून त्यांनी कुणाला ओळख दिली नव्हती, असं लोक सांगत होते. ते ताठ झाले.

"आरं, इंजान कुनी चालू केलं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"हिरीवरचं इंजान हाय ते! आन् दारं कोन धरतंय? पानी वाया चाललंय न्हवं!"

ते उठले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि कुणाचा हात न धरता मांडवाबाहेर, पार्किंगकडं चालायला लागले. लोक आपोआप बाजूला झाले.

नवरदेवाचे वडील गळ्यातली जाड साखळी मुठीत धरून उभे होते. "तितंच... तितंच व्हती हीर," ते म्हणाले. "बंद करू नका. पाया पडतो, बंद करू नका."

पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये आजोबा वाकले. हातात नसलेल्या फावड्यानं सिमेंटच्या ठोकळ्यांवरची माती ओढली, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवतात तसं पाटाचं एक दार मोडलं, दुसरं बांधलं. मग ताठ उभे राहून आमच्याकडं बघून ओरडले,

"आलं रं पानी!"

सिद्धूभाऊंनी प्लगवरचा हात हळूच काढून घेतला. माझ्या कानाशी आले.

"विक्या, बोट उचलू नको."