सुरुंगाची नोटीस वॉचमनला नव्हती

सैन्यातले माजी नायक आणि आता वॉचमन असलेले बबन ठोंबरे यांना सूस गावातल्या एका सोसायटीने गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी चार वाजता ‘ड्युटीवर दारू’ असा शेरा मारून गेटवरून हाकललं. ठोंबरे दारूला शिवत नाहीत.

मी माजी सैनिकांच्या मदत केंद्रात केसवर्कर आहे. बुधवारी ते आले. खुर्ची वळवून दाराकडे तोंड करून बसले.

“काका, नेमकं काय झालं?”

“शेजारच्या साइटवर सुरुंग उडाला. गेटपाशी बाई व्हत्या, कडंवर लेकरू. दोगांस्नी खाली पाडलं आन मी वर आडवा पडलो. मग उठताच येईना. हातपाय कापत व्हते. त्येलाच त्यांनी दारू म्हनून लिवलं.”

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. सोपं करून सांगते. सीमेवर त्यांच्या डोळ्यांदेखत दोन साथीदार स्फोटात गेले. तेव्हापासून मोठा आवाज झाला की शरीर पुन्हा तिथे जातं. झोप नाही, छातीत धडधड, डाव्या कानात सतत शिट्टी.

उपचारांचे कागद मागितले. एकही नव्हता. सैन्य सोडताना मेडिकल बोर्ड असतं, म्हणजे डॉक्टरांची शेवटची तपासणी. तिथे ठोंबरे म्हणाले होते, ‘सब ठीक है, साहब.’

“का?” मी ओरडलेच.

“मागं लायनीत माझ्याच सेक्शनची, हाताखालची पोरं हुबी व्हती, ताई. त्यांच्याम्होरं सांगू व्हय, मला भ्या वाटतं म्हनून?”

मी सोसायटीत गेले. चेअरमन हसले. “मॅडम, फौजी माणूस आणि धडामला घाबरतो? आम्ही तर नोटीस दिली होती.”

“दाखवा.”

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळचा मेसेज. साडेतीनला ब्लास्टिंग, घाबरू नये. कुत्री बिथरतात म्हणून कुत्रेवाल्यांना वेगळी सूचना.

“वॉचमन आहेत या ग्रुपवर?”

“ते कसे असतील? ओनर्सचा ग्रुप आहे.”

दारूचा शेरा मी लेखी माफीसह रद्द करून घेतला. नोकरीही परत मिळत होती. ठोंबऱ्यांनी घेतली नाही. आता ते कासारसाईच्या धरणाकाठी भावाची मेंढरं राखतात, दिवसभर एकटे. मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेऊन मी तिथे गेले.

“हितं कुनी काय इचारत न्हाई. बरं हाय,” ते म्हणाले.

बरं नाहीये. अपॉइंटमेंटची चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली. येतो म्हणाले नाहीत.

ज्याच्यावर राखणीचा भरवसा टाकतो त्यालाच आपण काही कळवत नाही, एवढं मी शिकले. तुमच्या गेटवरही असा कुणी उभा असेल. हे वाचून झालं की खाली उतरा. त्याचं नाव विचारा, आणि पुढचा सुरुंग किती वाजता आहे ते त्याला स्वतः सांगा.