एका पंपात दोन औषधं

दोन हजार दोन-तीनच्या सुमारास मी नारायणगावात एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा असायचो. बी.एस्सी. केमिस्ट्री, तीही दुसऱ्या प्रयत्नात, पण गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणायची आणि मला ते आवडायचं. शेतकरी टोमॅटोचं पान घेऊन यायचा, मी ते उलटंपालटं करून बघायचो आणि दोन बाटल्या पुढे सरकवायचो. एक अळीला, एक करप्याला, दोन्ही एकाच पंपात मिसळून मारा. चार दिवसांत फरक दिसला नाही तर तो परत यायचा आणि मी तिसरं काहीतरी मिसळायला द्यायचो. वाट बघा, असं मी कुणालाच कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो शेजारच्या दुकानात गेला असता.

बाळ पाच महिन्यांचं झालं आणि बायको मढहून, माहेरून, येडगावला आमच्या घरी परत आली. पण आली ती वेगळीच. बाळ रडून रडून निळं पडलं तरी उठायची नाही. तव्यावर भाकरी जळायची आणि ही समोर बसून बघत राहायची. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खाल्ले की जाईल. गावातल्या डॉक्टरांनी झोपेसाठी बारक्या पिवळ्या गोळ्या दिल्या. महिनाभर त्या घेऊनही काही फरक नाही. मग एका सकाळी मी डबा घेऊन निघालो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी नसले तरी आत्याबाई बाळाला संभाळतील, न्हाई का?" माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची.

पडवीतल्या फळीवर कंपन्यांनी दिलेल्या सॅम्पलच्या बाटल्या होत्या. अर्ध्या गावाला पुरेल इतकं विष मीच आणून ठेवलं होतं. त्या सगळ्या पोत्यात भरून दुकानात नेल्या. विहिरीकडचं मागचं दार खिळे मारून बंद केलं. आईला सांगितलं, हिच्यावरून नजर हलवायची नाही.

मंचरला दर गुरुवारी पुण्याहून डोक्याचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी तिच्याशी बराच वेळ बोलून घेतलं आणि मग मला समजावलं. मेंदूच्या बुडाशी काही पेशी असतात, जेवणातून येणाऱ्या एका पदार्थापासून त्या मन स्थिर ठेवणारं सेरोटोनिन बनवतात. ते बनवणारं एन्झाइम असतं मोजकंच, आणि त्यानं किती काम करायचं हे मेंदू स्वतः ठरवतो. एन्झाइम म्हटल्यावर मी शहाण्यासारखी मान हलवली. आमच्या कितीतरी बाटल्या किड्याचं एन्झाइमच बंद पाडतात, हे कंपनीच्या मीटिंगमध्ये मी दहादा ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, नवी गोळी बाहेर पडलेलं सेरोटोनिन परत आत ओढू देत नाही, त्यामुळे ते साठतं. पण पेशीला वाटतं, झालं की पुरेसं, आणि ती बनवण्याचं काम मंद करते. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं ना, तसं. हा फ्लोट सैल पडायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर गुण दिसणार नाही, उलट जीव जास्त घाबरा होईल. पिवळ्या गोळ्याही सेरोटोनिनच वाढवतात, म्हणून त्या आजपासून बंद. ही एकच, रोज सकाळी. आणि तिला एकटं सोडू नका.

पुढचे आठ-दहा दिवस तसेच गेले. ती खरंच जास्त बिथरली. घरात येरझाऱ्या घालायची, पदराचं टोक चावायची. मी दिवसातून तीनदा दुकानातून घरी यायचो. गावाच्या वळणावर आलो की आधी आमच्या दारात गर्दी जमलीय का ते बघायचो. नसली की श्वास घ्यायचो. दुकानात फोन वाजला तरी मी उचलायचो नाही, दुसऱ्याला उचलायला लावायचो. इतका भ्यालो होतो.

आणि भ्यालेल्या माणसाला अर्धवट अक्कल असली की काय होतं, ते माझ्या हातून झालं. मी काउंटरवर उभा राहून हिशेब केला. फ्लोट वरून पाणी तोडतोय ना, मग दुसऱ्या बाजूनंही रेटा द्यायचा. पिवळ्या गोळ्या कपाटात उरल्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या तळहातावर दोन्ही एकदम ठेवायला लागलो. ती माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता गिळायची.

चौथ्या दिवशी दुपारी आईनं शेजाऱ्याच्या पोराला दुकानात धाडलं. घरी आलो तर बायको घामानं निथळत होती, अंग तव्यासारखं तापलेलं, पाय आपोआप उडत होते आणि डोळे टक्क उघडे. आई लिंबू उतरवत होती, म्हणत होती, बाहेरचं लागलंय. मी जीप केली. गुरुवार होता म्हणून थेट मंचरला. वाटेत तिचे उडणारे पाय मी मांडीवर दाबून धरले होते आणि मला एकच दिसत होतं, आईच्या कडेवरचं ते बिनआईचं बाळ.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिलं? मी म्हणालो, तुमची गोळी, बाकी काही नाही. खोटं बोललो. बायको समोर मरत होती आणि मला माझी लाज वाटत होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काय दिलंय ते कळलं नाही तर मी हिला काय देऊ?" तेव्हा मी पिवळ्या गोळ्यांचं सांगितलं. ते तसेच आत पळाले.

दोन दिवसांनी ताप उतरला, पाय थांबले. सगळी औषधं बंद ठेवून काही दिवसांनी तीच एक गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी आई द्यायची, मी हात लावला नाही. पाचव्या आठवड्यात बाळ रडलं आणि माझ्याआधी बायको उठली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

पुढच्या हंगामात आम्ही दोघं टोमॅटोची झाडं बांधत होतो. मी सुतळी तोडून देत होतो, ती गाठी मारत होती. बऱ्याच दिवसांनी धीर करून मी तिची माफी मागितली, म्हणालो, माझ्या शहाणपणानं तुझा जीव चालला होता.

तिनं गाठ पुरी केली. "मला ठाव व्हतं. हातावर एकीच्या जागी दोन दिसल्या तवाच कळलं. मला वाटलं, तुमी लई कटाळला, मला संपवताय."

मी म्हणालो, "अगं, मग विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी थांबला असता," ती म्हणाली.